मिठाची गाडी : कोपरीतल्या एका जुन्या पिकअपचं प्रकरण

२०२३ च्या मे महिन्यात ठाणे पूर्वेच्या कोपरी गावातून एका ताईंचा फोन आला. घरामागे चिंचेखाली वडिलांची जुनी गाडी उभी आहे, भंगारवाला पंचवीस हजार देतोय, देऊ का ठेवू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वागळे इस्टेटमध्ये माझं डेंटिंग-वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे, जुन्या जीपांची कामं येत असतात. रविवारी सकाळी जाऊन गाडी बघितली आणि ‘ठेवा’ म्हणालो.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. खाडीकाठच्या जुन्या गाड्यांवर ती सर्रास होते. करणाऱ्याला ती कळतही नाही, कारण रंगाला फोड येईपर्यंत गाडी घरी गेलेली असते आणि हिशेब मिटलेला असतो.

गाडी आणि घर

गाडी महिंद्राची एफसी-१५०, पेट्रोल, फोर बाय फोर, १९७१ साली नवीन घेतलेली. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. जीपला पुढे लांब बॉनेट असतं, ते हिला नाही. इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे, आणि ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसलेला. ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरनं जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीसाठी हा चपट्या तोंडाचा आकार काढला, १९५६ च्या अखेरीस तो तिकडे बाजारात आला आणि महिंद्रानं १९६५ पासून इथे ही गाडी बनवली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच, म्हणजे आपल्या नेहमीच्या जुन्या जीपपेक्षा जेमतेम इंचभर जास्त. तेवढ्या लांबीत बॉनेट वाचल्यामुळे मागे माल भरायचा पूर्ण हौदा बसला. अरुंद बांधावर वळायचं आणि माल भरून परत यायचं, या कामाला याहून चांगली गाडी त्या काळात मिळणं कठीण होतं.

आणि बांधावरचंच काम तिनं केलं. ताईंचे वडील, ज्यांना पुढे मीही बाबाच म्हणायला लागलो, मुलुंड-भांडुप पट्ट्यातल्या मिठागरांतून मीठ उचलायचे. आगरी माणसाच्या नावातच आगर आहे, त्यामुळे यात नवल काही नाही. डिसेंबरच्या आसपास हंगाम सुरू होतो, ऊन चढत जातं तसं वाफ्यांत मीठ धरतं आणि पहिल्या पावसाच्या आत सगळं उचलावं लागतं. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने ही गाडी रोज ओल्या मिठाच्या गोणी वाहत होती. बाबांच्या हिशेबानं असे २२ हंगाम झाले, १९७१-७२ पासून १९९२-९३ पर्यंत. हिशेब तोंडी नव्हता. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या उघडत्या पत्र्याच्या, आतल्या बाजूला, बिजागराजवळ, त्यांनी दर हंगामाला छिन्नीनं एक खूण मारली होती. चार उभ्या, एक आडवी, असे चार गठ्ठे आणि वर दोन.

नंतर चार वर्षं भाजी आणि विटा. १९९७ ला इंजिन धरलं, म्हणजे आतून जाम झालं, आणि गाडी चिंचेखाली गेली. तेव्हापासून २६ पावसाळे.

पहिली तपासणी

गंजलेली गाडी डोळ्यांनी बघून काही कळत नाही, हातोडीनं बघावी लागते. छोटी बॉलपीन हातोडी घ्यायची आणि वीतभर अंतरावर हलके ठोके मारत जायचं. चांगला पत्रा ठण्ण वाजतो. पातळ झालेला चिरका वाजतो. आणि आतून खाल्लेला पत्रा भद्द असा मेलेला आवाज देतो, तिथे खडूनं फुली. आमचे डेंटर मामा आणि मी दोघांनी मिळून दोन तास हे केलं. शेवटी गाडी गोवर उठलेल्या पोरासारखी दिसत होती.

फुल्या कुठे पडल्या हे महत्त्वाचं. केबिनचं छत आणि दरवाजांचा वरचा भाग ठणठणीत. केबिनचा फ्लोअर चाळणी. हौद्याचा तळ काही ठिकाणी बोटानं आरपार. पण चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या बाहेरून बऱ्या वाटत होत्या आणि खालून ठोकल्या की आतून काहीतरी सरकल्याचा, खुळखुळ्यासारखा आवाज यायचा. चासीच्या पोटातलं पाणी निघून जावं म्हणून खालच्या बाजूला भोकं असतात. या गाडीला तीन-तीन मिळून सहा होती आणि सहाही बुजलेली. एकात जाड तार घातली तर काळपट-पांढरा चिखल बाहेर आला. तो मी फडक्याला पुसला आणि पुढे गेलो. त्या दिवशी त्या चिखलाकडे नीट बघितलं असतं तर चार महिने वाचले असते.

क्रेनवाल्याला सांगून गाडी उचलली आणि कोपरी पुलावरून, तीन हात नाक्यावरून वागळेला आणली.

माझी चूक

माझा आराखडा सरळ होता. पावसाच्या आत सगळा गंज काढायचा, प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, मारून लोखंड बंद करायचं आणि पावसाळाभर आत निवांत इंजिनचं काम करायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात केबिन, हौदा आणि चासी वेगवेगळे करून ब्लास्टिंगला दिले, म्हणजे दाबाच्या हवेनं बारीक दाणे मारून गंज उडवायला. वाळूनं नाही, कॉपर स्लॅगनं, म्हणजे तांबं गाळून उरलेल्या मळीच्या दाण्यांनी. साध्या वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन कामगाराला आयुष्यभराचं दुखणं लागतं, त्यामुळे मी ती मारू देत नाही. सपाट पत्र्यावर दाब कमी ठेवायला लावला, नाहीतर पत्रा पोळीसारखा फुगतो. संध्याकाळी माल आला तो राखाडी, दाणेदार, स्वच्छ. बघून मन भरलं. त्याच रात्री इपॉक्सी प्रायमरचे दोन हात मारले, कारण उघडं लोखंड रात्रभर ठेवायचं नसतं असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं आणि मी वीस वर्षं तेच करत आलो होतो.

जून बराचसा कोरडाच गेला. जुलैच्या मध्यावर, पंधरा दिवस सलग पाऊस झाल्यावर, हौद्याच्या तळाला हात फिरवताना बोटाला काहीतरी लागलं. मोहरीएवढे उंचवटे. टॉर्च आडवा धरला तर शेकड्यांनी दिसले. ब्लेडच्या टोकानं एक फोड उघडला. आत पाण्याचा थेंब होता आणि त्याखाली लोखंड काळंभोर. बघता बघता, दहा मिनिटांत, ते काळं नारिंगी झालं. हवा लागली की खालचा अर्धवट गंज पुरता गंजतो, त्याचं हे लक्षण.

आधी मी प्रायमरला दोष दिला. मग ब्लास्टिंगवाल्याला. मग मामांना विचारलं की डबा नीट घोळला होता ना. मामा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त केबिनच्या छताकडे बोट केलं. छत त्याच डब्यातल्या प्रायमरनं, त्याच रात्री, त्याच हातानं रंगवलं होतं आणि त्याच्यावर एकही फोड नव्हता.

फोड होते ते हौद्यात, केबिनच्या फ्लोअरवर आणि चासीवर. म्हणजे जिथे जिथे मीठ पोचलं होतं तिथेच.

बाबांची चव आणि ताईंची बाटली

मी कोपरीला फोन करून खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताई बाबांना रिक्षानं घेऊन आल्या. ८४ वर्षांचा माणूस, काठी टेकत चासीपाशी आला. मी तारेनं एका भोकातला चिखल काढून दाखवत होतो. त्यांनी करंगळी लावली आणि सरळ जिभेवर ठेवली.

‘‘आजून खारं हाय,’’ म्हणाले.

मी थक्क झालो. शेवटची मिठाची खेप होऊन तीस वर्षं झाली होती.

मग ते स्टुलावर बसून बोलायला लागले. दारात विहीर होती. खेप संपली की रोज सांजेला ते गाडीला विहिरीचं पाणी मारायचे, आधी हौदा, मग खालून चासी, आणि भोकांतून पाणी गळेपर्यंत थांबायचे. ‘‘दारान इहिर व्हती तवर गारीला काय नाय झालं.’’ १९८८ ला विहीर बुजवली, घराला नळ आला, आणि नळाला पाणी पहाटे तासभर. माणसांना पुरेना, तिथे गाडीला कुठून. म्हणजे १७ हंगाम गाडी रोज धुतली गेली आणि शेवटचे पाच नाही. माझ्या सगळ्या खडूच्या फुल्या त्या पाच हंगामांच्या होत्या, आणि मी मात्र २६ वर्षांच्या पावसाला दोष देत बसलो होतो.

ताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या म्हणाल्या, ‘‘दादा, बाबांच्या जिभेवर नका जाऊ, आपण सिल्व्हर नायट्रेट लावून बघू.’’ दोन दिवसांनी त्या छोटी तपकिरी बाटली घेऊन आल्या. पाण्यात मिठाचा अंश असेल तर या द्रावणाचे दोन थेंब टाकताच ते दुधाळ होतं. मीठ जास्त असेल तर दह्यासारखे कण धरतात. आमच्या नळाच्या पाण्यालाही जरा ढगाळपणा आला, म्हणून ताईंनी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड पाणी आणायला लावलं. त्यात भिजवलेला कापूस छताच्या पत्र्यावर दाबून एका ग्लासात पिळला, हौद्यावरचा दुसऱ्यात आणि चासीच्या पोटातला तिसऱ्यात. थेंब टाकले. पहिला ग्लास नितळ राहिला. दुसरा पातळ ताकासारखा झाला. तिसऱ्यात पांढरे गोळे तळाला बसले. त्या बाटलीचा एक थेंब माझ्या अंगठ्याला लागला आणि उन्हात काळा पडला, तो डाग आठवडाभर गेला नाही.

घडलं होतं ते असं. ब्लास्टिंगनं गंज निघतो, पण मीठ गंजाच्या बारीक खड्ड्यांच्या तळाशी, लोखंडाला चिकटून बसलेलं असतं. स्लॅगचा दाणा तिथे पोचत नाही, उलट काही वेळा तोंड ठोकून बंद करतो. वरून पत्रा चकचकीत दिसतो. मग आपण प्रायमर मारतो आणि मीठ आत कोंडतो. साधं मीठ हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. ठाण्याच्या पावसाळ्यात दमटपणा दिवसेंदिवस त्याच्या वरच असतो. रंगाचा पापुद्रा कितीही चांगला असला तरी वाफ थोडी थोडी आत जातेच. आत मीठ बसलेलंच असतं, ते ती वाफ ओढून घेतं, खाऱ्या पाण्याचा थेंब तयार होतो, लोखंड खायला लागतं आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्यामुळे रंग वर उचलला जातो. तोच तो फोड.

आपल्याकडे गॅरेजात यावर दोन उपाय सांगतात. एक, वर आणखी जाड रंग किंवा लांबी, म्हणजे पुट्टी. दुसरा, गंज पालटणारं फॉस्फोरिक ॲसिडचं रसायन. पहिल्याबद्दल बोलायलाच नको. दुसरं चांगलं आहे, मी वापरतो, त्यानं गंजाचं लोह फॉस्फेट होतं आणि रंगाला पकड मिळते. पण ते मिठाला हात लावत नाही. मीठ पाण्यात विरघळतं, तेव्हा ते काढायला पाणीच लागतं. बाबा १७ वर्षं रोज संध्याकाळी तेच करत होते.

दुसऱ्यांदा, नीट

ऑक्टोबरचा उकाडा संपेपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. सगळं प्रायमर काढून परत ब्लास्टिंग करायचं ठरलं, त्या खर्चाचे एक लाख दहा हजार मी स्वतः घातले. ताई नको म्हणत होत्या. पण चूक माझी होती.

नोव्हेंबरात काम सुरू केलं ते या क्रमानं. आधी ब्लास्टिंग. मग गरम पाण्याच्या प्रेशर वॉशरनं धुणं. मग, आणि हे करताना माझा जीव खालीवर होत होता, लोखंड रात्रभर तसंच उघडं ठेवलं. वीस वर्षांची सवय मोडून. सकाळी बघितलं तर बहुतेक पत्रा एकसारखा फिका पिवळा झालेला, आणि मधे मधे गडद, ओलसर ठिपके. जिथे मीठ शिल्लक तिथे लोखंड आधी आणि जास्त काळवंडतं. लोखंडानं स्वतःच नकाशा काढून दिला. ते ठिपके खडूनं घेरले, त्यांवर तारेच्या ब्रशनं आणि गरम पाण्यानं परत काम केलं, वाळवलं, परत हलकं ब्लास्टिंग. केबिनचा फ्लोअर आणि हौदा तिसऱ्या फेरीला सिल्व्हर नायट्रेटमध्ये नितळ आला. जिथे पत्रा मुळातच गेला होता तिथे कापून १८ गेजचा नवा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला नरम, पत्रा लावला, हौद्याच्या तळाला १६ गेज. वेल्डिंग एमआयजीनं, म्हणजे गॅसच्या आवरणात तार वितळवणाऱ्या मशिननं, सलग रेघ न ओढता, इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे गार होऊ देत. जुन्यावर नवा पत्रा चढवून कडा वेल्ड करणं सोपं पडतं, पण दोन पत्र्यांच्या मधे जी फट राहते ती पुढच्या गंजाची सोय असते. मामांनी प्रत्येक तुकडा टोकाला टोक भिडवून बसवला. एकट्या फ्लोअरला नऊ दिवस गेले.

चासीनं दम काढला. तिच्या पोटात ब्लास्टिंग पोचत नाही. सहाही भोकं मोकळी केली, पुढच्या टोकातून पाइप घातला आणि पाणी सोडलं. पहिल्या दिवशी जवळपास अर्धी बादली चिखल आणि गंजाच्या पापड्या निघाल्या, खुळखुळा वाजत होता तो त्यांचाच. जवळजवळ रोज सकाळी धुवायचं, दुपारभर हीट ब्लोअरनं वाळवायचं, संध्याकाळी थोडं डिस्टिल्ड पाणी आत फिरवून ग्लासात घ्यायचं. अकरा दिवसांत नऊ वेळा धुतलं. सातव्या वेळेपर्यंत ग्लास पांढरा होत होता. आठव्याला जरा ढगाळ. नवव्याला नितळ. ताई रोज येत नव्हत्या, पण फोटो रोज मागायच्या, आणि नवव्या फोटोला त्यांनी उत्तरादाखल बाबांचा चेहरा पाठवला.

चासी बदलण्याचा सल्ला मला तिघांनी दिला होता. कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारात शोधली तर चासी मिळूही शकते. मी नको म्हणालो. चासीच्या पट्टीवर गाडीचा चासी नंबर ठोकलेला असतो आणि गाडीची कायदेशीर ओळख तीच. पट्ट्यांची जाडी आतून खाल्ली गेली होती तरी मोजून बघता पुरेशी उरली होती. मागचे दोन आडवे दांडे मात्र गेले होते, ते नवे करून बसवले. नंबराचा भाग मी ब्लास्टिंगच्या वेळी रबर लावून झाकला होता. तिथला गंज हातानं काढला. फॉस्फोरिकची जेल लावायची, वीस मिनिटं थांबायचं, पितळी ब्रशनं हलकं घासायचं, पुसायचं, परत लावायची. तिसरा आकडा ३ का ८ ते काही केल्या कळेना. शेवटी दिवे बंद करून टॉर्च पत्र्याला चिकटवून बाजूनं मारला, आणि डाव्या कडेला एक केसाएवढी सावली पडली. आठ. आरसीचं जुनं पुस्तक काढून ताडलं, त्यातही आठ. मग कागद ठेवून पेन्सिलीनं प्रिंट घेतली, आरटीओत घेतात तशी.

चासीच्या पोटात शेवटी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण, मारलं, लांब नळीच्या नोझलनं, भोकं बुजणार नाहीत असं बघून. बाहेरून झिंक प्रायमर, त्यावर इपॉक्सी, मग रंग. डॅशबोर्डच्या पट्टीमागे मूळ पिस्ता रंग सापडला होता, त्याच्याशी जुळवला.

फाळका

फाळक्याला मी ब्लास्टिंग लावू दिलं नाही. बाबांच्या छिन्नीच्या खुणा त्यात पुसट झाल्या असत्या. मागच्या अंगणात विटांची चौकट रचली, त्यात जाड ताडपत्री टाकून टाकी केली आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी भरलं, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा या हिशेबानं. फाळका आत बुडवून लटकवला, चारी बाजूंनी साध्या लोखंडी सळया उभ्या केल्या. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह फाळक्याला, पॉझिटिव्ह सळयांना. उलट लागली तर फाळकाच विरघळायला लागेल, म्हणून दोनदा तपासायचं. सळया स्टेनलेसच्या कधीही घ्यायच्या नाहीत, त्यातून क्रोमियमचं विषारी द्रव्य पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावरच करायचं, कारण निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, त्याजवळ ठिणगी नको.

या पद्धतीत चांगलं लोखंड झिजत नाही, फक्त गंज सैल होतो. वर सोडापाण्यात बुडून राहिल्यामुळे मीठही बाहेर येतं. दोन रात्री ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाहेर काढून नायलॉनच्या ब्रशनं धुतलं तर काळी साय निघाली आणि खाली खुणा दिसल्या. मोजल्या, बावीस भरल्या. सतराव्या खुणेनंतर हाताचा जोर बदललेला दिसत होता की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. त्या जागेवर रंग न देता पारदर्शक लॅकर मारलं आहे. ते दरवर्षी बघावं लागेल, हे ताईंना सांगून ठेवलंय.

इंजिन आणि कागद

इंजिनबद्दल थोडक्यात, कारण ते अवघड गेलं नाही. हरिकेन, चार सिलिंडर, २१९९ सीसी, एफ-हेड, म्हणजे आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे ब्लॉकमध्ये. धरलेल्या सिलिंडरांत डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून आठवडाभर मुरू दिलं आणि हँडलनं थोडं पुढे, थोडं मागे करत सोडवलं. रिंग, बेअरिंग, दोन व्हॉल्व्ह नवे. नवीन मुलानं डेल्कोच्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, वायरी आजच्या बऱ्याच गाड्यांच्या १-३-४-२ या क्रमातच, पण उलट्या दिशेनं लावल्या, त्यामुळे पहिल्या दिवशी कार्बोरेटरमधून नुसता भडका. ते दुसऱ्या दिवशी सुटलं. ब्रेकचे सिलिंडर आणि पाइप सगळे नवे. पेट्रोलचे पाइप आणि गॅस्केट मात्र मुद्दाम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घेतले. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं आणि ते पाणीही ओढतं, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी अर्धी भरून ठेवू नये.

कागदांचा प्रश्न मोठा होता. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी असेल तर व्हीए अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. ताईंना बाबांना घेऊन कधीही, मनात येईल त्या संध्याकाळी, खाडीकाठी जायचंय. म्हणून त्यांनी जुन्याच नंबरावर नेहमीचं नूतनीकरण करायचं ठरवलं. अर्ज दिलाय, पाहणी व्हायची आहे. तोवर गाडी कोपरीच्या अंगणात आहे, आठवड्यातून एकदा सुरू करून पुढे-मागे घेतात.

एकूण खर्च पाच लाख ऐंशी हजार, माझे एक लाख दहा वेगळे. एवढ्यात चांगली सेकंडहँड गाडी आली असती, हे मी ताईंना सुरुवातीलाच सांगितलं होतं. त्यांनी विचार करून हो म्हटलं होतं.

एका पावसाळ्यानंतर

जानेवारी २०२४ मध्ये रंग झाला आणि गाडी घरी गेली. पावसाळ्यानंतर, सप्टेंबरच्या शेवटी, मी हातोडी, टॉर्च आणि कापूस घेऊन कोपरीला गेलो. हौदा गुळगुळीत. चासी बाहेरून स्वच्छ. केबिनच्या डाव्या पायरीच्या सांध्यात एक फोड होता, शेंगदाण्याएवढा. तिथे दोन पत्रे कारखान्यातूनच एकमेकांवर चढवून जोडलेले आहेत आणि आमचं पाणी त्या फटीत पोचलं नव्हतं. तो सांधा उघडला, धुतला, तीन दिवसांनी नितळ आला तेव्हा परत बंद केला. उजव्या पायरीचा सांधा तसाच आहे, तिथे अजून काही दिसलेलं नाही, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात तोही उघडणार आहे.

ताईंनी अंगणातल्या नळाला पन्नास फुटी पाइप घेतलाय. आता पाणी दिवसभर असतं. दर रविवारी संध्याकाळी गाडी धुतात, आधी हौदा, मग खालून चासी. बाबा खुर्ची टाकून बाजूला बसतात आणि भोकांतून पाणी पडतं का ते मोजतात, तीन इकडची, तीन तिकडची. मागच्या रविवारी सहाव्यातून पाणी आलं नाही, तेव्हा त्यांनी लगेच मला फोन लावायला सांगितला. गेलो. चिंचेच्या पाल्याची बारीक काडी अडकली होती. तारेनं काढली.